मध्येच बटण जातं, मध्येच दिशा जाते: घरी बांधलेल्या आर्केड स्टिकमधला लूज कॉन्टॅक्ट कसा शोधायचा

घरी बांधलेल्या आर्केड स्टिक, म्हणजे दिशांसाठी दांडा (लिव्हर) आणि मोठी बटणं असलेल्या गेम कंट्रोलरच्या पेट्या, माझ्याकडे दुरुस्तीला येतात, तेव्हा तक्रार जवळजवळ नेहमी एकच असते. सुरुवातीला स्टिक झकास चालते. मग ऐन सामन्यात एखादं बटण लागत नाही. पुन्हा दाबलं की लागतं. दोन दिवस सगळं सुरळीत, मग परत तेच. कंटाळून माणूस बटण बदलतो. बदलण्याच्या खटाटोपात आतल्या वायरी हलतात, दोष तात्पुरता गायब होतो आणि श्रेय नव्या बटणाला मिळतं. काही दिवसांनी तोच दोष पुन्हा हजर.

म्हणून माझा आग्रह एकच आहे. दोष डोळ्यांसमोर घडताना पकडल्याशिवाय आत काहीही बदलू नका. आपोआप गेलेला दोष आपोआप परत येतो, आणि मधल्या काळात तुम्ही चांगले सुटे भाग फेकून दिलेले असतात.

इथे लिहिलेलं सगळं यूएसबीवर चालणाऱ्या स्टिकला लागू आहे. आत बटणांचे सिग्नल यूएसबीवर पाठवणारा बोर्ड असतो; तो झीरो डिले एन्कोडर असो, ब्रूकचा फायटिंग बोर्ड असो, की रास्पबेरी पाय पिकोवर जीपी२०४०-सीई हे फर्मवेअर (बोर्डात चालणारा प्रोग्रॅम) टाकून केलेला बोर्ड असो, आतली विद्युत जोडणी तत्त्वतः सारखीच असते. प्रत्येक बटण म्हणजे एक साधा स्विच. त्याचा एक पाय बोर्डाच्या सिग्नल पिनला, दुसरा ग्राउंडला. बोर्ड सिग्नल पिनवर थोडा व्होल्टेज धरून ठेवतो. बटण दाबलं की तो शून्यावर येतो आणि बोर्ड समजतो की बटण दाबलं गेलं. एवढं डोक्यात पक्कं असलं की पुढची प्रत्येक तपासणी का करायची ते आपसूक कळेल.

आधी लक्षणं लिहून काढा

कागद घ्या आणि काय जातं, कशाबरोबर जातं, केव्हा जातं ते लिहा. "कधी कधी बटणं चालत नाहीत" एवढ्यावर काही शोधता येत नाही. कोणतं बटण कोणत्या बटणाबरोबर जातं, हे कळलं की निम्मं काम झालं.

- एकच बटण जातं, आणि नेहमी तेच. संशय त्या बटणाच्या टर्मिनलवर (वायरीच्या टोकाचा, बटणाच्या धातूच्या पातीवर सरकवायचा तुकडा), त्याच्या सिग्नल वायरवर किंवा आतल्या स्विचवर.
- शेजारशेजारची दोन-चार बटणं एकदम जातात आणि एकदम परत येतात. इतकी बटणं एकाच क्षणी खराब होत नाहीत. ग्राउंडची जोडणी कुठेतरी सुटते आहे.
- चारही दिशा एकदम जातात, बटणं मात्र चालू राहतात. लिव्हरची पाच पिनांची जोडणी बघा.
- सरळ दिशा लागतात, तिरक्या चुकतात.
- एकदा दाबलं तर दोनदा लागतं.
- हात न लावता एखादं बटण दाबलेलंच दिसतं.
- सगळी स्टिक एकदम बंद पडते आणि कन्सोल कंट्रोलर जोडायला सांगतो.
- झाकण उघडं असताना सगळं ठीक, बंद केलं की बिघाड.

तिरक्या दिशांबद्दल थोडं जास्त सांगतो, कारण हा दोष ओळखायलाच लोकांना फार वेळ लागतो. लिव्हरमध्ये तिरक्या दिशेसाठी वेगळा स्विच नसतो. खालचा आणि पुढचा असे दोन स्विच एकाच वेळी दाबले गेले की बोर्ड त्याला 'खाली-पुढे' म्हणतो. फायटिंग गेममध्ये लिव्हर खालून पुढे पाव वर्तुळात फिरवताना ही तिरकी दिशा जेमतेम काही फ्रेम टिकते, आणि सेकंदाला ६० फ्रेम चालणाऱ्या गेममध्ये एक फ्रेम म्हणजे साधारण १६.७ मिलिसेकंद. दोनपैकी एका स्विचचा संपर्क कमजोर असेल तर सरळ दिशा नीट लागते, कारण तिथे लिव्हर पूर्ण टोकाला जातो आणि तिथे रेंगाळतो. तिरकी दिशा मात्र निसटते. खेळणाऱ्याला वाटतं आपला हात चुकतोय, आणि तो महिनोन्‌महिने सराव करत बसतो. चांगल्या खेळाडूंना मी असं स्वतःला दोष देताना पाहिलंय. एकाच बाजूची चाल वारंवार चुकते आणि दुसऱ्या बाजूची कधीच चुकत नाही, असं असेल तर आधी स्टिक तपासा, मग हाताला बोल लावा.

पेचकस हातात घेण्याआधी

या तपासण्यांना पैसे लागत नाहीत, त्यामुळे त्या टाळू नका.

पहिली गोष्ट, स्टिक संगणकाला जोडा आणि इनपुट दाखवणारा पडदा उघडा. विंडोजमध्ये रन खिडकीत जॉय डॉट सीपीएल (joy.cpl) टाकलं की गेम कंट्रोलरची यादी येते, तिथल्या प्रॉपर्टीजमध्ये प्रत्येक बटणाचा दिवा लागताना दिसतो. फायटिंग गेमच्या ट्रेनिंग मोडमधला इनपुट डिस्प्लेही चालतो. हे का, तर खेळताना आपलं लक्ष पडद्यावरच्या पात्राकडे असतं आणि नक्की काय चुकलं ते कळत नाही. इथे बटण दाबून धरा आणि दिवा लुकलुकतो का ते बघा. मग दुसऱ्या हाताने पेटीच्या बाजूवर हलके ठोके मारा. दाबून धरलेल्या बटणाचा दिवा ठोक्याबरोबर विझत असेल तर लूज कॉन्टॅक्ट आहे, यात शंका नाही.

मग मोड बघा. झीरो डिले बोर्डाला मोड, टर्बो आणि ऑटो अशी जास्तीची बटणं जोडण्याची सोय असते. टर्बो चुकून लागला की बटण आपोआप पुन्हा पुन्हा दाबलं जातं आणि माणूस स्विच बदलायला निघतो. मोड बदलला की लिव्हर डी-पॅडऐवजी अ‍ॅनालॉग स्टिक म्हणून दिसू लागतो, आणि काही गेम तो ओळखतच नाहीत. अनेक स्टिकवर यासाठी सरकणारा छोटा स्विच असतो. तो अर्धवट जागी अडकला असेल तर नीट एका टोकाला सरकवा.

स्टिक पूर्ण बंद पडत असेल तर घड्याळ लावा. प्लेस्टेशन ४ जोडलेल्या कंट्रोलरची अधिकृत ओळख तपासतो. ती ओळख न देणारा बोर्ड सुरुवातीला व्यवस्थित चालतो आणि साधारण ८ मिनिटांनी तुटतो. संगणकावर तासभर बिनतक्रार चालणारी स्टिक कन्सोलवर दर वेळी तेवढ्याच वेळाने तुटत असेल तर वायरिंग उघडू नका, तिथे काही सापडणार नाही. बोर्ड त्या कन्सोलसाठी आहे का, त्याचं फर्मवेअर ताजं आहे का, हे बघा. वेळ दर वेळी वेगळी असेल तरच पुढे चला.

आता केबल. दुसरी केबल लावून बघा, दुसऱ्या पोर्टमध्ये लावून बघा, मध्ये हब असेल तर काढून टाका. केबल दोन्ही टोकांपाशी वाकवून बघा, कारण तार सहसा मधोमध तुटत नाही, प्लगच्या मानेपाशी तुटते. पेटीच्या मागे न्यूट्रिकसारखा आरपार सॉकेट बसवला असेल तर लक्षात ठेवा की आता बाहेरची केबल, सॉकेट आणि आतली छोटी केबल असे जोड वाढलेत. आतली ती वीतभर केबल कुणाच्या नजरेत येत नाही. सॉकेट तात्पुरता वगळून बोर्ड थेट केबलने जोडा. तुटणं थांबलं तर दोष त्या मधल्या भागात आहे.

झाकण उघडल्यावर आधी फक्त बघा

यूएसबी काढा, स्टिक उलटी करा, खालची पाटी काढा. कशालाही हात लावण्याआधी फोटो काढा. वायरी सुटल्या तर हा फोटो तुमचा नकाशा आहे, आणि दुरुस्ती करणाऱ्याकडे गेलात तर त्यालाही तो उपयोगी पडतो.

ज्यांचा बिघाड फक्त झाकण बंद असताना होतो, त्यांनी पाटीची आतली बाजू निरखावी. टर्मिनल टेकल्याच्या बारीक खुणा, घासलेला रंग, वायरीचा उमटलेला ठसा असं काही दिसतंच. उथळ पेटीत बटणाच्या पाठीवरचं टर्मिनल सरळ उभं राहिलं की पाटी त्याला ढकलते, टर्मिनल अर्धं बाहेर येतं आणि तसंच लटकून राहतं. टर्मिनल हलक्या हाताने आडवं वळवा किंवा वायर बाजूने फिरवा. लिव्हरच्या दांड्याचं खालचं टोक फिरताना वायरींना घासतं का तेही बघा. तिथून वायर गेली असेल तर आवरणाला चीर पडतेच, फक्त वेळ लागतो.

पेटी किंवा पॅनेल धातूचं असेल तर सिग्नलचं टर्मिनल कुठे टेकत नाही ना हे बघायलाच हवं. पॅनेल ग्राउंडला जोडलेलं असलं की टेकलेलं बटण कायम दाबलेलं दिसतं. हात न लावता दाबलेल्या बटणाचं दुसरं नेहमीचं कारण म्हणजे तीन पायांचा मायक्रोस्विच. त्यावर कॉमन, नॉर्मली ओपन आणि नॉर्मली क्लोज्ड असे पाय असतात. आपल्याला कॉमन आणि नॉर्मली ओपन हवेत. वायर नॉर्मली क्लोज्डवर गेली तर सगळं उलटं होतं: बटण सोडलं की दाबलेलं आणि दाबलं की सुटलेलं.

टर्मिनल: बहुतेक दोष इथेच संपतात

सांवा कंपनीच्या ओबीएसएफ जातीच्या बटणांची पाती २.८ मिमी रुंद असते. अमेरिकन पद्धतीच्या, खाली मायक्रोस्विच लावलेल्या मोठ्या बटणांना सहसा ४.८ मिमीची पाती असते. बारीक पातीवर मोठं टर्मिनल सरकवलं तर ते बसल्यासारखं वाटतं आणि पहिल्या दिवशी चालतंही. पण त्याची पकड फक्त एका कडेवर असते. बटणं दणादण दाबताना पेटी थरथरते, टर्मिनल कणाकणाने सरकतं आणि संपर्क येतो-जातो.

एकेक टर्मिनल बोटांच्या चिमटीत धरा आणि सरळ मागे हलकं ओढा. नीट बसलेलं टर्मिनल अडून राहतं, काढायला जोर लागतो. जे सहज सरकतं किंवा पातीवर डावीकडे-उजवीकडे डुलतं ते सैल आहे. ते पूर्ण काढा, त्याच्या दोन्ही वळलेल्या कडा बारीक पक्कडीने किंचित दाबा आणि परत चढवा. किंचितच. जास्त दाबलंत तर ते पातीवर चढताना बटणाच्या प्लास्टिकमधली पातीच हलवून ठेवेल. माप चुकीचं असेल तर दाबून भागवू नका, योग्य मापाचं टर्मिनल लावा.

मग टर्मिनल धरून ठेवा आणि वायर ओढा. वायर टर्मिनलच्या नळीतून सुटून आली तर दोष सापडला. वरून रंगीत प्लास्टिकचं आवरण असल्याने आत काय चाललंय ते दिसत नाही, म्हणून ओढून बघण्याला पर्याय नाही. एकाच टर्मिनलमध्ये दोन वायरी घालून दाबल्या असतील आणि त्यातली एक जाड, एक बारीक असेल, तर पकड जाड वायरीवर बसते आणि बारीक वायर आत नुसती पडून राहते. ग्राउंडच्या साखळीत प्रत्येक टर्मिनलमध्ये दोन वायरी येतात, त्यामुळे हा दोष तिथेच जास्त सापडतो. एकाच जाडीची, बारीक तारांची लवचिक वायर वापरा. २२ गेज छान पडते. आत एकच कडक तार असलेली वायर नको, ती वाकून वाकून तुटते.

बोर्डाच्या टोकालाही हेच करा. स्क्रूच्या टर्मिनलमध्ये वायर घातलेली असेल तर स्क्रू तांब्यावर आवळला आहे की आवरणावर, हे भिंग घेऊन बघा. वायर कमी सोलली की आवरण आत जातं, स्क्रू त्याच्यावर बसतो आणि तांबं कसंबसं धातूला टेकून राहतं. दिसायला घट्ट आणि ओढून बघितलं तरी घट्ट. असा जोड कधी लागतो, कधी लागत नाही, आणि भल्याभल्यांना चकवतो. शंका आली तर वायर काढून थोडी जास्त सोला, तारा पिळून एकत्र करा आणि पुन्हा आवळा. प्लास्टिकचे छोटे सॉकेट असतील तर प्रत्येक वायर मागून हलकी ओढा. आतली पिन खोबणीतून मागे सरकलेली असते, आणि सॉकेट कितीही घट्ट दाबलं तरी ती समोरच्या पिनला भिडत नाही. लिव्हरच्या पाच पिनांच्या सॉकेटमध्ये ग्राउंडची एक पिन मागे सरकली की चारही दिशा एकदम जातात.

अदलाबदल

टर्मिनल ठीक वाटली आणि तरी एकच बटण दगा देत असेल, तर त्याच्या दोन्ही वायरी शेजारच्या चांगल्या बटणाच्या वायरींशी बदला. पुन्हा इनपुटचा पडदा उघडून दोन्ही बटणं दाबा, पेटीला ठोके मारा. दोष त्याच जागच्या बटणावर राहिला तर बटणाचा स्विच गेला. दोष शेजारी सरकला तर बटण निर्दोष आहे, दोष वायरीत किंवा बोर्डात. मल्टिमीटर न घेता अर्धी शक्यता बाद करणारी ही तपासणी मला सगळ्यात आवडते. नवं बटण मागवण्याआधी ही करावीच.

ग्राउंडची माळ

बटणांचे ग्राउंडचे पाय बहुधा एकाच वायरीने एकामागून एक जोडलेले असतात, दिव्यांच्या माळेसारखे. बोर्डापासून पहिल्या बटणाला, तिथून दुसऱ्याला, तिथून तिसऱ्याला. माळ तिसऱ्या आणि चौथ्याच्या मध्ये सुटली की पहिली तीन बटणं चालतात, चौथ्यापासून पुढची सगळी जातात. इथे तुमचा सुरुवातीचा कागद कामाला येतो. गेलेली बटणं माळेच्या क्रमाने लावा. जिथून बिघाड सुरू होतो, त्याच्या लगेच आधीचा जोड किंवा तो जोड स्वतः, या दोनच जागा तपासायच्या आहेत. बटणांचा पॅनेलवरचा क्रम आणि माळेचा क्रम वेगळा असू शकतो, म्हणून वायर बोटाने धरून मागोवा घ्या. अंदाजावर जाऊ नका.

आता मल्टिमीटर. यूएसबी काढलेली असू द्या. मीटर कंटिन्युइटीवर, म्हणजे जोड अखंड असला की बझर वाजतो त्या खुणेवर, ठेवा. एक टोक बोर्डाच्या ग्राउंडला धरून ठेवा आणि दुसरं माळेतल्या प्रत्येक टर्मिनलवर, आवरणावर नव्हे तर बटणाच्या धातूच्या पातीवर टेकवा. पातीवरच का? टर्मिनल आणि पाती यांच्यातला जोडही या मोजणीत यायला हवा, नाहीतर तपासायची तीच जागा सुटते. बझर वाजत असताना वायर सगळ्या बाजूंनी हलवा. आवाज क्षणभर जरी तुटला तरी तो जोड वाईट. साध्या मीटरचा बझर थोडा सुस्त असतो आणि झटकन होणारी तुटातूट त्याला पकडता येत नाही, म्हणून शंका असलेल्या जागी ओहमवर ठेवून आकडा बघा. मीटरच्या स्वतःच्या वायरींचा रोध वजा केला तर चांगला जोड १ ओहमच्या आत असतो. वायर हलवल्यावर आकडा उड्या मारत असेल तर तिथे नवं टर्मिनल लावा.

जोड दुरुस्त केल्यावर एक वायर आणखी टाका: माळेतल्या शेवटच्या बटणापासून परत बोर्डाच्या ग्राउंडला. माळेचं वर्तुळ होतं, प्रत्येक बटणाला दोन्ही बाजूंनी ग्राउंड मिळतं, आणि पुढे कधी एक वायर सुटली तरी एकही बटण जात नाही. मात्र क्रम पाळा. आधी वाईट जोड दुरुस्त करायचा, मगच वर्तुळ पूर्ण करायचं. उलटं केलंत तर वाईट जोड आत तसाच लपून राहील, आणि दुसरा सुटला की दोन दोष एकदम शोधत बसाल.

स्विच आणि लिव्हर

अदलाबदलीत बटणच दोषी ठरलं असेल तर बदला. एकदा दाबून दोनदा लागणं म्हणजे स्विचच्या आतले संपर्क थरथरतात, आणि ते बाहेरून सुधारत नाहीत. काही फर्मवेअरमध्ये डिबाउन्सचा काळ (अशी थरथर दुर्लक्षित करण्याचा वेळ) वाढवून हे झाकता येतं. नवं बटण हातात पडेपर्यंत तेवढी सोय ठीक आहे, पण स्विच पुढे झिजतच राहणार. बटण नुसतं चिकटत असेल, गोड पेय वगैरे सांडलं असेल, तर वरचा दाबायचा भाग काढून साबणाच्या पाण्याने धुवा आणि पूर्ण वाळवा. स्विचचा भाग पाण्यापासून लांब. तेलाचे फवारे बटणात मारू नका, त्यावर धूळ चिकटते आणि महिन्याभरात पहिल्यापेक्षा वाईट अवस्था होते.

बटणाच्या पात्यांवर थेट सोल्डर करायचा मोह टाळा. उष्णता पातीतून आत जाते, प्लास्टिक मऊ पडतं, पाती तिरकी होते आणि नवं कोरं बटण जोडतानाच अर्धमेलं होतं.

तिरक्या दिशा अजिबातच लागत नसतील तर लिव्हरच्या तळाचं रिस्ट्रिक्टर गेट, म्हणजे दांड्याची हालचाल अडवणारी चौकट, बघा. सांवाच्या जेएलएफ लिव्हरमध्ये ते चौकोनी असतं आणि ४५ अंशांत फिरवता येतं, चार दिशांच्या जुन्या गेमसाठी. ते चार दिशांच्या स्थितीत राहिलं असेल तर दांडा कोपऱ्यांत जाऊच शकत नाही. फिरवून आठ दिशांवर आणा, काम झालं. कधीतरीच चुकत असतील तर दांडा अगदी हळू प्रत्येक दिशेला न्या आणि कान द्या. चारही स्विचची टिकटिक सारखी ऐकू यायला हवी. एखाद्याचा आवाज बोथट असेल, किंवा आवाज येऊनही पडद्यावर दिशा उशिरा दिसत असेल, तर तो स्विच संपत आलाय. लिव्हरला पेटीत धरणारे स्क्रूही आवळून बघा, कारण लिव्हरच डुलत असेल तर दांडा कितीही ढकलला तरी कोपरा नीट मिळत नाही. दांड्याच्या सांध्याला प्लास्टिकला चालणारं सिलिकॉन ग्रीस अगदी थोडं लावता येतं. स्विचवर त्याचा थेंबही जाता कामा नये.

बोर्ड

इथपर्यंत सगळं चांगलं निघालं असेल तरच बोर्डावर संशय घ्या. यूएसबी जोडा, मीटर डीसी व्होल्टवर ठेवा, काळं टोक ग्राउंडला आणि लाल टोक संशयित सिग्नल पिनला. बटण सुटं असताना बोर्डाप्रमाणे ३.३ किंवा ५ व्होल्टच्या आसपास आकडा दिसेल. दाबल्यावर तो शून्याजवळ आला पाहिजे. तो शून्यावर येतो आणि तरी पडद्यावर काहीच दिसत नाही, तर वायरिंग निर्दोष आहे, दोष बोर्डात किंवा फर्मवेअरच्या बटण-नेमणुकीत. आकडा मध्येच घुटमळत असेल तर अजून एखादा जोड वाईट आहे, परत मागे जा. बटण पूर्ण वगळून एका छोट्या वायरीने सिग्नल पिन ग्राउंडला टेकवूनही हीच परीक्षा घेता येते. फक्त सिग्नल ग्राउंडला टेकवायचा, ५ व्होल्टच्या पिनला कधीच नाही. पिकोच्या पिना ३.३ व्होल्टच्या आहेत, त्यावर ५ व्होल्ट गेले तर चिप जाऊ शकते.

रंगीत एलईडी लावलेल्यांनी एक हिशेब करावा. डब्ल्यूएस२८१२ जातीचा एक एलईडी पूर्ण पांढरा पेटला की साधारण ६० मिलिअँपिअर घेतो. यूएसबी २.० च्या पोर्टची मर्यादा ५०० मिलिअँपिअर आहे. म्हणजे आठ एलईडी पूर्ण उजेडात लावले की बोर्डासाठी जवळजवळ काही उरत नाही. बटणांबरोबर दिवे उजळतात, व्होल्टेज खचतो आणि स्टिक ऐन धुमश्चक्रीत तुटते. उजेड निम्म्यावर आणून खेळून बघा. तुटणं थांबलं तर कारण सापडलं.

कुठे थांबायचं

यूएसबीच्या ५ व्होल्टचा माणसाला धोका नाही, पण कन्सोलच्या पोर्टला आहे. बोर्डावरची एखादी चिप बोट टेकवता येणार नाही इतकी तापत असेल, जळका वास येत असेल, किंवा स्टिक लावताच संगणक पोर्टवर जास्त वीज ओढली जात असल्याची सूचना देत असेल, तर ती स्टिक पुन्हा कुठेही लावू नका. मीटरवर ५ व्होल्ट आणि ग्राउंड यांच्यात बझर सलग वाजत असेल तरीही हेच.

बोर्डावरचा यूएसबीचा सॉकेट उखडला असेल आणि त्याच्याबरोबर तांब्याची रेघ उचलली गेली असेल, तर बारीक सोल्डरिंगचा सराव असलेल्या इलेक्ट्रॉनिक्स दुरुस्तीवाल्याकडे द्या. साध्या सोल्डरिंग गनने केलेल्या प्रयत्नात उरलेली रेघही जाते. कन्सोलचं पोर्ट ढिलं झालं असेल तर कन्सोल स्वतः उघडू नका, आत वीजपुरवठ्याचा भाग असतो. तयार विकत घेतलेली स्टिक वॉरंटीत असेल तर झाकणाला हात लावण्याआधी वॉरंटीच्या अटी वाचा. आणि हेच तंत्र वापरून कुणी जुन्या पूर्ण आकाराच्या आर्केड मशीनमध्ये हात घालायला निघालं असेल, तर त्याला थांबवा. त्यातल्या पिक्चर ट्यूबमध्ये मशीन बंद केल्यावरही हजारो व्होल्टचा साठा राहू शकतो, ते काम त्यातल्या जाणकाराचंच.

दुरुस्तीला देताना तीन गोष्टी सोबत द्या: लक्षणांचा कागद, झाकण उघडल्याबरोबर काढलेला फोटो, आणि तुम्ही कोणत्या तपासण्या केल्या व त्यांत काय दिसलं याची नोंद. दुरुस्ती करणाऱ्याच्या टेबलावर हा दोष हटकून लपून बसतो. ठोका नेमका कुठे मारल्यावर कोणतं बटण जातं, हे त्या कागदावर लिहिलेलं असेल तर त्याला तो लगेच दाखवता येईल.